जिलबिली ठेवली

आमच्याकडच्या जंगलात एक झुडूप आहे. पुस्तकात त्याला धायटी म्हणतात, आम्ही जिलबिली म्हणतो. पुरुषभर उंची, लांब वाकलेल्या फांद्या, आणि माघ-फाल्गुनात बुडापासून शेंड्यापर्यंत लालभडक फुलं. वैद्य लोक ती आसवं मुरवायला नेतात, पोरं तोडून चोखतात, पूर्वी त्यांचा रंगही करत. शब्दकोशात एवढं लिहिलं की काम भागतं. मीही एकदा एवढंच लिहिलं होतं. मी चंद्रपूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. कुठल्याही शब्दाचा अर्थ दोन ओळींत उरकून पुढच्या शब्दाकडे वळायची मला सवय आहे, आणि आता त्या सवयीचा मला राग येतो.

आमच्या गावात जिलबिलीचा खरा उपयोग निराळा होता. गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. जंगलात मोहाची झाडं. सरकारी कागदावर ती गावातल्या कोणाचीच नाहीत, पण कुठलं झाड कोणाचं हे लहान पोरही सांगेल. होळीच्या आधी ज्याने त्याने आपल्या झाडाखालचा पाला झाडून काढायचा, जिलबिलीची फुलांसकट फांदी तोडून आणायची, बुंध्याशी उगवतीच्या बाजूला ठेवायची आणि वर दगड ठेवायचा. एवढं केलं की त्या झाडाचं एक फूलही दुसरं कोणी उचलत नाही. फांदी वाळते, फुलं करपतात, तरी हंगाम सरेपर्यंत तिचा मान तोच. ती ठेवायची आपल्या हाताने, नाहीतर घरच्या माणसाच्या, आणि उचलायचीही त्यानेच. होळी पेटून गेली आणि झाडाखाली जिलबिली नसली, तर त्या वर्षापुरतं झाड मोकळं. मग ज्याला हवं त्याने आपली ठेवावी. दुसऱ्याची जिलबिली कोणी काढल्याचं मी लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतं. म्हातारे एवढंच सांगत, की ज्याने ती काढली त्याच्या हातची जिलबिली पुढे कोणी मानत नाही.

त्यामुळे हा शब्द आमच्या तोंडी सारखा असायचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जिलबिली ठेवली. शाळेत पहिल्या बाकावर पाटी ठेवली की जिलबिली ठेवली. एखाद्या मुलीचं लग्न मनातल्या मनात कुठे ठरलं असलं, की बाया एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, तिथी जिलबिली ठेवली हाये, तू नोको पाहू. लग्न होऊन मी चंद्रपूरला आले तेव्हा मीसुद्धा बसच्या जागेवर पिशवी ठेवून तसंच म्हणाले, तर शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं पिशवीत जिलबी ठेवली.

मला वाढवलं ते मोठीमायने. म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोने. माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली, आणि मोठीमायला पोटचं कोणी नव्हतं, असं ते जमलं. ती ठेंगणी, काटक आणि तोंडाने भारी फटकळ. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या चुका तिला पाठ असायच्या आणि त्या ती मोठ्याने म्हणून दाखवायची. मोठा बाबा गेल्यावर तिच्याजवळ धानाची एक बांधी आणि जंगलातलं एक मोहाचं झाड एवढंच उरलं. बांधी तिने पुढे अर्धेलीने कसायला दिली, झाड मात्र कोणाला दिलं नाही. ते झाड मोठं, पसरलेलं. फुलं अशी टपोरी, की मुठीत दहा-बाराच मावायची. तिचं वर्ष त्या झाडावर चालायचं, हे तर होतंच, पण मला वाटतं तिची ऐटही त्या झाडावरच चालायची.

मोहफुलं वेचायला पहाटे जावं लागतं, आणि आमच्या जंगलात वाघ आहे, अस्वल आहे. म्हणून बाया एकट्या जात नाहीत. मोठीमायच्या जोडीला नाल्यापलीकडच्या गोंडटोल्यातली, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, एक बाई असायची. मोठीमाय तिला सोबतीन म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. तिचीही दोन झाडं मोठीमायच्या झाडाच्या अलीकडेच होती. दोघी मोठमोठ्याने बोलत, खोकत, डबा वाजवत जायच्या, म्हणजे जनावर असलं तर बाजूला व्हावं. चाळीस वर्षं दोघी अशा गेल्या. सोबतीन कमी बोलायची. मोठीमाय बोलायची आणि ती हुं म्हणायची, असाच त्यांचा मेळ होता.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनात मोठीमायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू फार पिकला होता. मी तिला चंद्रपूरला घरी आणून ठेवलं. महिनाभर थेंब टाकायचे, खाली वाकायचं नाही, धुराजवळ बसायचं नाही. काळा चष्मा लावून ती आमच्या गॅलरीत बसायची आणि खालून जाणाऱ्या माणसांना नावं ठेवायची. होळी दहा-बारा दिवसांवर आली तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"पोरी, यावेळी तुले जा लागते. जिलबिली ठेवून ये."

मी म्हटलं, सोबतीनीला फोन करून सांगू, ती ठेवेल.

"तिच्या हातची तिच्या झाडाले. माह्या झाडाले माह्या घरच्याच हाताची पायजे. तू नाई तं कोन हाये माह्या घरचं?"

मी हो म्हणाले. खरंच जायचं होतं मला. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. पण दहावीच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला आला होता, आणि त्यातच शाळेच्या स्मरणिकेसाठी आपल्या बोलीतल्या शब्दांची यादी करायचं मी अंगावर घेतलं होतं. सांगायला लाज वाटते, पण ज्या रविवारी मी गावी जायला हवं होतं, त्या रविवारी मी टेबलाशी बसून शब्द लिहीत होते. त्यात जिलबिलीही होती. लाल फुलांचं रानझुडूप, धायटी, औषधी, असं लिहून मी त्यापुढे रेघ मारली.

मोठीमायला मात्र सकाळीच सांगितलं होतं की आज जाते, आणि शाळेतच जाऊन बसले होते, कारण घरी ती होती. संध्याकाळी परतले तर ती दाराशीच उभी.

"ठेवली?"

"ठेवली," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी जाऊ, तेव्हाही होळीला दोन दिवस असतील, असा माझा हिशेब होता. त्या क्षणी फक्त वेळ मारून नेली. पण मोठीमाय काही एवढ्यावर सोडणारी नव्हती. पाला झाडला का? झाडला. उगवतीले ठेवली? उगवतीला. दगड कोन्ता ठेवला, तो पांढरा अजून तिथीच हाये? आहे, तोच ठेवला. खोटं बोलायला मला फार कष्ट पडले नाहीत, याचंच मला पुढे जास्त वाईट वाटलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. पुढच्या रविवारी नवऱ्याच्या आत्याकडे साखरपुडा निघाला आणि मी तिकडे गेले. मग होळी झाली. मी मनाशी म्हटलं, गावात कोण तिच्या झाडाला हात लावतं, सगळ्यांना माहीत आहे ती आजारी आहे.

महिना भरल्यावर चैत्रात मी तिला गावी पोचवायला गेले. दुपारचे तीन वाजले असतील. घरी पिशव्या ठेवल्या न ठेवल्या तोच ती म्हणाली, आधी झाड पाहून येतो. नव्या डोळ्याने तिला सगळं भराभर दिसत होतं, आणि मी तिच्यामागून पाय ओढत चालले होते. झाडाखालची जागा स्वच्छ झाडलेली होती. बुंध्याशी उगवतीला जिलबिली होती, वर दगड होता, पण तो काळा होता. मोठीमाय वाकून बघत राहिली. शेजारी सोबतीनीच्या दोन झाडांखालीही तसाच काळा दगड होता. ती वळली आणि गावाकडे चालू लागली.

गावच्या हापशीवर पाच-सात बाया होत्या, दोन-तीन पोरं होती. सोबतीन गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरत होती. मोठीमाय तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माही जिलबिली काऊन काढली?"

हापशी थांबली. असला प्रश्न त्या गावात कोणी कोणाला विचारला नव्हता.

"जिलबिली नोती बाई," सोबतीन म्हणाली. "होळी झाल्यावर चार दिवस मी वाट पाह्यली. मंग म्हनलं दुसऱ्या गावचं कोनी ठेवन, त्यापरीस आपन ठेवलेली बरी. तुहा अर्धा वाटा काढूनच ठेवून राह्यली मी."

"नोती कशी? माही पोरगी चंद्रपूरहून येऊन ठेवून गेली. पाला झाडून, पांढरा दगड ठेवून."

एक पोरगा मागून म्हणाला, "फोटो काढाचा होता ना मोठीमाय." त्याला कोणीतरी गप्प केलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठीमायने माझ्या दंडाला धरलं होतं. मी शिक्षिका, शहरातून आलेली, चांगली साडी नेसलेली. नाही, मी आलेच नव्हते, मी खोटं बोलले, एवढं म्हणायचं होतं. चार शब्दांचं काम. मी म्हणाले, "ठेवली होती."

सोबतीनीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने गुंड डोक्यावर घेतलं.

"पोरगी म्हनते तं ठेवलीच असन," ती म्हणाली. "माह्याच डोऱ्याले नसन दिसली."

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती आणि तिची सून आमच्या आंगणात आल्या. चार टोपले मोहफुलं, अर्धी वाळलेली, त्यांनी आमच्या ताडपत्रीवर ओतली. तिने पाणीसुद्धा मागितलं नाही आणि मोठीमायने दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बसने परत आले. वाटभर मी स्वतःला समजावत होते की पुढच्या वेळी गेले की सांगीन, आता तापलेलं आहे, जरा निवू दे.

पुढच्या वेळी गेले, पण सांगितलं नाही. त्यात तिसरी वेळ आली, चौथी आली. खोटं जितकं जुनं होत गेलं तितकं ते काढायला अवघड होत गेलं. आणि तिकडे त्याचे परिणाम मला न विचारता घडत होते. दुसऱ्या वर्षी सोबतीनीने आपल्या दोन झाडांखाली जिलबिली ठेवली आणि वरच्या टोल्यातल्या बायांनी ती तशीच ठेवून आजूबाजूची फुलं वेचून नेली. भांडण नाही, तंटा नाही. कोणी तिला एक शब्द बोललं नाही. तिच्या हातची जिलबिली आता फक्त फांदी होती. तिच्या सुनेने एक-दोनदा आरडाओरडा केला, मग तीही तेंदूपत्त्याच्या कामाला जाऊ लागली.

मोठीमाय आता पहाटे एकटीच मोहाला जायची. मी फोनवर तिला म्हटलं, एकटी जाऊ नको, वाघाचं भय आहे.

"एकटी कुठी?" ती चिडून म्हणाली. "ते येते ना माह्या मागून. तिच्या झाडाखाली आता काई नाई उरत, तरी येते. शंभर पावलं मागं राह्यते अन् डबा वाजवत राह्यते. मले खिजवाले करून राह्यली."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. ती बाई डबा कशासाठी वाजवत होती, हे मला कळलं होतं. मोठीमायलाही कळलं असतं, जर मी तिला एक गोष्ट सांगितली असती. तेव्हाही मी सांगितली नाही. त्या फोनची आठवण आली की आजही मला स्वतःची शिसारी येते.

गेल्या हिवाळ्यात मोठीमाय आजारी पडली. मी रजा टाकून तीन आठवडे तिच्याजवळ राहिले. गाव येऊन बघून जायचं. ती तापातही बोलत होती, हिची सून तशी, त्याचा बैल असा. झाडाचा विषय निघाला की म्हणायची, यंदा जिलबिली तू ठेव, तुह्या हातची सगळे मानतात. मी मान डोलवायचे. एकदा तर तोंडाशी आलं होतं. ती म्हणाली, "तुले वाढवलं त्याचं चीज झालं वो बाई," आणि मी ते गिळलं. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि माझ्याविषयी तिचं मत फार चांगलं होतं.

आठव्या दिवशी मी नाला ओलांडून सोबतीनीकडे गेले. ती आंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. तिने बसायला पोतं सरकवलं. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, रविवारचं, पांढऱ्या दगडाचं, हापशीवरचं. सांगताना मी रडले, आणि रडतेय म्हणून ती मला जरा सैल सोडेल असंही कुठेतरी वाटत होतं. ती पाखडत राहिली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुह्या मोठीमायच्या झाडाखालचा पाला कोनी झाडलाच नोता. पाला झाडल्याबिगर जिलबिली कोन ठेवते?"

"मंग तवा बोलली काऊन नाई?" मी विचारलं.

"बोलनार होती. राग तं लय आला होता. पन तिनं तुह्या दंडाले धरलं होतं. सात जनीत तिले तुहाच भरवसा होता. म्हनलं आज नोको. पोरगी शिकलेली हाये, दोन-चार दिवसानं आपल्याच तोंडानं सांगन तिले." तिने सूप मांडीवर टेकवलं. "मी वाट पाह्यली. पह्यलं वर्स पाह्यली, दुसरं बी पाह्यली."

मी म्हणाले, आज संध्याकाळी गावात सगळ्यांना गोळा करून सांगते. तुझ्या झाडांचं पुन्हा सुरळीत होईल.

"सांग. सुनेच्या कामी येईन." यात टोमणा नव्हता. तिला तिच्या सुनेची काळजी होती. मग ती म्हणाली, "पन तिले सांगाचं होतं. तिनं तुले चार शिव्या देल्ल्या असत्या अन् संध्याकारी जेवाले वाढलं असतं. पोटच्या पोरीवानी वाढवली तुले, कुठी टाकून देनार होती? माह्यासंग तिचं नातं भरवशाचंच होतं. भरवसा गेला तं काईच नाई राह्यलं."

मी पोत्यावर बसले.

"आजारी होती तवा दोनदा आली होती मी," ती म्हणाली. "दाराशी उभी राह्यली. मले पाह्यलं अन् तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं."

ते तिने मला सांगायची गरज नव्हती. त्या दोन्ही वेळी मी आतच होते, मोठीमायचे पाय चेपत.